डबे सोडवायची काडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय एकच दिला आहे : ‘निवृत्तीनंतर मी काय करतो’. माझ्या आधी एकाने डाळिंबाच्या बागेतलं सांगितलं, एका ताईंनी बचत गटाचा हिशोब मांडला, एकजण तर नर्मदा परिक्रमा करून आला. मी काय करतो ते एका वाक्यात सांगतो. खेळण्यातल्या आगगाडीचे डबे एकमेकांपासून सोडवायची काडी करतो. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर कागदात गुंडाळून एक काडी ठेवली आहे. पुढच्या रांगेतल्या एकाने ती आत्ताच दातात घातली आहे. बाबा रे, ती त्यासाठी नाही.

आपल्या देवळ्याला रेल्वे नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आपण लहानपणी रेल्वे बघितली ती मनमाडला, शाळेच्या सहलीत. एसटी भावडबारीचा घाट ओलांडून चांदवडला आणि तिथून मनमाडला. सर, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही आम्हाला पुलावर रांगेत उभं केलं होतं. तेव्हा मनमाडला दोन मापांचे रूळ होते. मुंबई-भुसावळचा रुंद आणि औरंगाबादकडे जाणारा मीटरगेज. एक इंजीन डबे ढकलत होतं, थांबत होतं, पुन्हा ओढत होतं, आणि खाली एक माणूस दोन डब्यांच्या मध्ये शिरून बाहेर येत होता. तुम्ही विचारलंत, ‘तो आत जाऊन काय करतो?’ कोणालाच उत्तर आलं नाही. मला ते उत्तर कळायला पुढची पंचेचाळीस वर्षं लागली, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

दहावीनंतर मी आयटीआय केलं आणि नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. हाताने काम करणारा माणूस मी. तीन वर्षांपूर्वी एका पहाटे उजवा हात उचलेना. दवाखान्यात वेळेवर पोचलो, म्हणून आज उभा आहे. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची चिमूट काही पूर्वीसारखी बसली नाही. फिजिओथेरपीच्या ताई वाटीतून हरभरे उचलायला लावायच्या. दहा हरभरे उचलायला पाच मिनिटं लागायची, आणि वाटी सांडली की मला रडू यायचं. ज्या माणसाने तीस वर्षं शतांश मिलिमीटरवर काम केलं, त्याला शर्टाचं बटन लावायला बायको लागायची. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मुलगा अमेरिकेहून आला. सोबत नऊ वर्षांचा नातू. त्याला रेल्वेचं वेड. आधी आम्ही त्याला पुण्याला घेऊन गेलो, कोथरूडला. तिथे भाऊ जोशी यांनी हौसेपोटी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, पूल, दिवे, आणि त्यातून धावणाऱ्या हातभर गाड्या. नातू तिथून निघायलाच तयार नव्हता. परत आल्यावर त्याने बॅगेतून स्वतःचा संच काढला. इंजीन, सहा वॅगन आणि दोन हात लांबीचे रूळ.

या मापाला एच-ओ म्हणतात. खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. अमेरिकेतली चाळीस फुटांची मालवॅगन यात चौदा सेंटिमीटरची होते. आपला नवा एलएचबी प्रवासी डबा या मापात केला तर सत्तावीस सेंटिमीटरचा होईल. आणि दोन डब्यांना जोडणारी कडी? ज्वारीच्या दाण्याएवढी.

ही कडी कशी चालते ते आधी बघू. सगळ्यांनी हात पुढे करा. सर, तुम्हीपण. दोन्ही हातांची चार बोटं आकडीसारखी वाकवा आणि एकमेकांत अडकवा. आता ओढा. सुटतात? नाही. ही झाली रेल्वेची कडी. अमेरिकेत इलाय जॅनी नावाच्या माणसाने १८७३ साली हिचं पेटंट घेतलं. त्याआधी तिथे कडी आणि खिळा असायचा. दोन डबे जवळ येत असताना माणसाने मध्ये उभं राहून खिळा टाकायचा. कितीतरी लोकांची बोटं गेली, हात गेले, जीव गेले. जॅनीच्या कडीत डबे नुसते एकमेकांवर आले की बोटं आपोआप अडकतात. सोडवायला बाजूने दांडा ओढायचा, माणसाला मध्ये जावं लागत नाही. १८९३ साली अमेरिकेने कायदाच केला की डब्यांना आपोआप जोडणाऱ्या कड्या हव्यात. आपल्याकडे मालगाड्यांना आणि नव्या एलएचबी डब्यांना याच जातीची कडी असते. जुन्या निळ्या डब्यांना मात्र दोन बाजूंना बफर आणि मध्ये आट्यांचा स्क्रू. तो सोडवायला माणूस आत जातो. मनमाडच्या पुलावरून आपण पाहिलेला माणूस तेच करत होता.

खेळण्यातल्या गाडीलाही अशीच वाकड्या बोटाची कडी असते. तिच्यात नामांकित आहे ती केडी नावाची. कीथ आणि डेल या जुळ्या भावांच्या नावांची पहिली अक्षरं घेऊन हे नाव केलेलं. त्या कडीच्या खाली लोखंडी तारेचं एक शेपूट लोंबतं. रुळांच्या मध्ये लोहचुंबक बसवलं की शेपटं दोन बाजूंना खेचली जातात आणि बोटं उघडतात. पण नातवाच्या रुळांत चुंबक नव्हतं. तो दोन बोटांनी वॅगन किंचित वाकडी करून सोडवायचा. त्याची बोटं लहान आणि हलकी, त्याला जमायचं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘आबा, ती शेवटची वॅगन सोडा.’ मी हात पुढे नेला. चिमूट बसेना, म्हणून जरा जोर लावला. वॅगनसोबत पुढच्या दोन उचलल्या गेल्या, तिन्ही टेबलावरून खाली. एकीची कडी मोडली. पोरगं काहीच बोललं नाही. मोडलेली वॅगन उचलून खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी खेळ मांडल्यावर मला म्हणालं, ‘आबा, तुम्ही फक्त कंट्रोलर धरा. बाकी मी करतो.’

चांगल्या मनाने म्हणालं ते. पण मित्रांनो, कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा मला निवृत्त झाल्यासारखं वाटलं नव्हतं. त्या वाक्याने वाटलं.

रात्री झोप आली नाही. सोडवायची हत्यारं बाजारात मिळतात, पण मागवून येईपर्यंत नातू परत गेला असता. आणि खरं सांगायचं तर मला ते विकत घ्यायचंच नव्हतं. सर, तुम्ही कार्यानुभवाच्या तासाला माझी वाकडी सुपली परत करताना म्हणाला होतात, ‘हत्यार हाताला बसत नसेल तर हाताला दोष देऊ नको, हत्यार बदल.’ ते त्या रात्री आठवलं.

पहिलं हत्यार केलं सायकलच्या स्पोकचं. टोक ठोकून चपटं केलं. मजबूत झालं, पण हात थरथरून ते रुळांवर आडवं पडलं आणि गाडी बंद. या गाडीला वीज रुळांतूनच मिळते. साधारण बारा व्होल्ट, एका रुळात एक टोक आणि दुसऱ्यात दुसरं. लोखंड आडवं पडलं की शॉर्ट. शिवाय वॅगनच्या रंगावर ओरखडा. दुसरं हत्यार चुंबकाचं. आइस्क्रीमच्या दोन काड्यांचा चिमटा करून टोकांना छोटी चुंबकं चिकटवली, म्हणजे वरून धरली की खालची शेपटं दोन बाजूंना खेचतील. खेचली गेली खरी, पण चाकांचे कणेही लोखंडी होते, वॅगनच चिमट्याला चिकटून वर आली. नातू खो खो हसला. मला तेही बरं वाटलं.

तिसरं हत्यार स्वयंपाकघरात सापडलं. पनीर टिक्क्याला लावतात ती बांबूची काडी. हलकी, वीज न वाहणारी, रंगाला न खरवडणारी, चुंबकाला न चिकटणारी. शंभर काड्यांचं पाकीट साठ रुपयांना मिळालं. सगळा खर्च धरून एक काडी दोन रुपयांच्या आत पडते. कशी करायची ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडं आहेत.

आधी काडी निवडायची. तीन मिलिमीटर जाड, गाठ नसलेली. फरशीवर लोळवून बघायची, उड्या मारली तर वाकडी आहे, बाजूला ठेवा. अठरा सेंटिमीटरवर कापायची. मग टोक. शेवटचा एक सेंटिमीटर काचपेपरवर दोन बाजूंनी घासायचा, आधी एकशे वीस नंबर, मग चारशे. सुईसारखं टोक करायचं नाही. माझ्या पहिल्या पाच-सहा काड्या त्यातच फुकट गेल्या. सुई आत जाते, पण फिरवली की जागच्या जागी फिरते, कडी उघडत नाही. टोक चपटं हवं, छोट्या स्क्रूड्रायव्हरसारखं. रुंदी दीड मिलिमीटर, जाडी एकाहून थोडी कमी. टोकावर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडायचा आणि पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. बांबू तो पितो आणि टोक कडक होतं, तंतू सुटत नाहीत. हे काम मोठ्यांनीच करायचं, खिडकी उघडी ठेवून. नंतर चारशे नंबरचा एक हात.

आता मूठ. लहान मुलाला काडी तशीच चालते. माझ्यासारख्याला बारीक काडी धरता येत नाही, निसटते. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी वरच्या टोकाला गुंडाळली, अंगठ्याएवढी जाड होईपर्यंत. ज्याचा हात जेवढा अशक्त, तेवढी मूठ जाड. आणि शेवटी एक खूण. वरून बघताना टोकाची चपटी बाजू कुठे आहे ते दिसत नाही. सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका मुठीवर त्या बाजूला लावला. ठिपका बघून काडी घालायची. तुमच्या काड्यांवर लाल ठिपका आहे तो यासाठी.

युरोपच्या गाड्यांना दुसऱ्या तऱ्हेची, कोयंडा आणि आकड्याची कडी असते. तिला ही काडी चालत नाही. तिला मुदत संपलेल्या एटीएम कार्डाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापा, टोक जरा गरम करून वर वाकवा, आकड्याखाली सरकवा आणि अलगद उचला.

काडी झाली. नातवाला हाक मारली. गाडी थांबवली, काडी घातली, फिरवली. कडी उघडेना. पुन्हा फिरवली. वॅगन हलली, कडी तशीच. नातू माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी उठून अंगणात गेलो.

आपल्या वर्गातला एकजण रेल्वेत पॉइंट्समन होता, हे तुम्हाला माहीत आहे. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि पुढचं त्याला विचारूनच सांगतो आहे. मी त्याला फोन लावला आणि सगळी कथा ऐकवली. तो आधी हसला. मग म्हणाला, ‘इंजीन मागे घेतलंस का?’ मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, ‘अरे, गाडी ओढून थांबली म्हणजे सगळ्या कड्या ताणलेल्या. ताणलेली कडी कोण सोडवणार? आधी इंजीन दाबून घ्यायचं. कडी सैल पडली की मग हात घालायचा.’ जरा थांबून म्हणाला, ‘माझ्या डाव्या हाताचं बोट बघितलंस ना? इंजीन हललं, तेव्हा हात आत होता.’

मित्रांनो, इतकी वर्षं आपण त्याचं ते अर्धं बोट बघत आलो. कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्या दिवशी तो अर्धा तास बोलला. रात्रपाळी, पाऊस, हातातला कंदील, दोन बफरांच्या मधून वाकून जाणं. मनमाडच्या पुलावर सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला तेव्हा मिळालं.

आणि फोन ठेवल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. कांद्याची भरलेली ट्रॉली उमराण्याच्या बाजारात सोडताना मी लहानपणी शंभरदा बघितलं होतं. ट्रॉली चढावर असली आणि ट्रॅक्टर ओढून धरलेला असला की पिन घणाने मारली तरी निघत नाही. ट्रॅक्टर वीतभर मागे घेतला की तीच पिन दोन बोटांनी वर येते. बैलगाडीचंही तेच. देवळ्याच्या पोराला हे रेल्वेवाल्याने सांगावं लागलं!

आत आलो. नातवाला म्हटलं, इंजीन मागे घे, अगदी थोडं. त्याने कंट्रोलरची कळ फिरवली, डबे एकमेकांना टेकले. लाल ठिपका बघून काडी वरून दोन कड्यांच्या मध्ये घातली, कोपर टेबलावर टेकवलं आणि पाव फेऱ्याहून कमी फिरवली. काही आवाज झाला नाही. नातवाला म्हटलं, आता पुढे. इंजीन पाच वॅगन घेऊन निघालं, सहावी जागेवर उभी. हात थरथरत होता. पण थरथर काडीच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर कमी झाली होती, आणि सैल कडीला जोर लागतच नाही.

पोरगं म्हणालं, ‘आबा, पुन्हा.’ त्या संध्याकाळी आम्ही पन्नासेक वेळा डबे जोडले आणि सोडवले. शेजारची आजी डोकावून म्हणाली, ‘काय करी ऱ्हायना रे भो?’ मी म्हटलं, ‘मनमाडचं यार्ड चालवतोय.’

काडीने हात बरा झाला, असं मी म्हणणार नाही. बटन अजून उशिरा लागतं. पण हरभरे उचलायचा कंटाळा यायचा तसा याचा येत नाही. आमच्या थेरपीच्या ताईंनी दोन काड्या मागून नेल्या. मोडलेली कडी पॉइंट्समन मित्राने स्वतः येऊन बसवली, अर्ध्या बोटाने. नातू परत गेला तेव्हा त्याने तीन काड्या बॅगेत नेल्या आणि दोन वॅगन व थोडे रूळ माझ्यासाठी ठेवून गेला. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो तिकडे डबे सोडवतो, मी इकडे. त्याच्याकडे सकाळ असते, माझ्याकडे संध्याकाळ.

माझी दहा मिनिटं संपली, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. एकच विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेच्या खोलीत टेबलावर ते रूळ आणि दोन वॅगन मांडून ठेवल्या आहेत. इंजीन नाही, ते नातवाकडे आहे. म्हणून आधी मागची वॅगन बोटाने हळूच पुढे ढकला, कडी सैल पडू द्या. मग काडी घाला. ठिपका वर आहे ना, बघून घ्या. कोणाला जमलं नाही तर तिसऱ्या रांगेतल्या आपल्या मित्राला हाक मारा, तो शिकवेल. आणि सर, पहिला नंबर तुमचा. माझी सुपली तुम्ही परत केली होती. काडी बघून सांगा, ही तरी वहीत ‘छान’ शेरा मिळण्याजोगी आहे का.